शेवटच्या पंगतीची तिकिटं

गौरेशला विमानाची भीती वाटायला लागली होती आणि विमान चालवण्यावरच त्याचं पोट होतं. खलाशाला पाणी लागावं आणि हलवायाला साखर, तशातली गत. पण हसण्यावारी नेण्यासारखी ती भीती नव्हती. गोव्यात मोपाच्या पठारावर गाडी चढायला लागली आणि विमानतळाचं छत दिसलं की त्याचे तळहात ओले व्हायचे.

गणेश चवथीनंतरच्या आठवड्यात हे सुरू झालं. लागोपाठ रात्रीच्या ड्युट्या लागल्या होत्या. शेवटच्या पहाटे दिल्लीहून मोपाला परतताना विमान आपोआप उडत होतं, आकाश शांत होतं, आणि को-पायलटच्या खुर्चीत बसलेल्या गौरेशचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कानातल्या हेडफोनमध्ये जमिनीवरचा कंट्रोलर विमानाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता आणि त्याचा आवाज चढलेला होता. गौरेशने दचकून शेजारी पाहिलं. कॅप्टन अनंत परबांची हनुवटी छातीला टेकली होती. मागे विमानभर माणसं विश्वासाने झोपली होती आणि पुढेही कोणी जागं नव्हतं.

परब जागे झाले, त्यांनी उत्तर दिलं, दोघांनी मिळून विमान नीट उतरवलं. दाराशी उभं राहून प्रवाशांचे नमस्कारही घेतले. नियमाने ही गोष्ट त्याच दिवशी वर कळवायला हवी होती. दोघांपैकी कोणीच कळवली नाही, एकमेकांकडेही काढली नाही. तेव्हापासून झोप लागेल या भीतीने गौरेशची होती नव्हती ती झोपही उडाली. सर्वण गावच्या घरी गादीवर तो टक्क जागा असायचा आणि खुर्चीत बसला की पापण्या जड व्हायच्या. धड हे नाही आणि धड ते नाही.

मग कळवायचं ना, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण दिवसच वाईट होते. पायलटांची कमिटी आणि कंपनी यांच्यात नव्या कराराची बोलणी चालली होती आणि भांडण नेमकं विश्रांतीवरच अडलं होतं. दोन रात्री उडवल्यावर तिसरी रात्र घरी द्या, असं पायलट म्हणत होते. एवढे पायलट आणायचे कुठून, असं कंपनी. त्यातच कंपनीने जाहीर करून टाकलं होतं की बोलणी संपेपर्यंत जो कोणी ऐनवेळी आजारी पडेल, तो संपावर गेला असं धरलं जाईल. गौरेशचा दोन वर्षांचा करार पुढच्याच सोमवारी संपत होता. कमिटीनेही आपल्या माणसांना बजावलं होतं, की शनिवारच्या बैठकीपर्यंत कोणी शिंकसुद्धा देऊ नका, नाहीतर कंपनी टेबलावरून उठून जाईल. आणि त्या कमिटीत पुढे होते ते कॅप्टन परबच. विश्रांतीसाठी भांडणाऱ्यांना दमलो म्हणायची सोय उरली नव्हती.

आज शुक्रवार. दुपारचं बेंगळुरूचं विमान, पुन्हा परब आणि गौरेश. आणि आज त्या विमानात गौरेशचे आईबाबा बसायला निघाले होते.

त्याची बहीण गौरवी बेंगळुरूला बाळंत झाली होती आणि रविवारी बारसं होतं. आईबाबांचं तिकीट होतं स्टाफचं. ही स्टाफ तिकिटं म्हणजे एक अजब चीज असते. लग्नात आचाऱ्याच्या घरच्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात ना, तसंच. पैसे देऊन आलेली माणसं आधी, मग जागा उरली तर तुम्ही, आणि नाही उरली तर हसतमुखाने घरी. तक्रार करायची नाही, कपडे नीटनेटके हवेत. बाबांनी, म्हणजे गोकुळदासांनी, हा नियम इतका मनावर घेतला की डिचोलीच्या बाजारातून काळे बूट आणले आणि आठवडाभर अंगणात घालून फिरले. तरी त्या बुटांनी चावायचं ते चावलंच.

गेल्या रविवारी ही जोडी अशीच येऊन विमान भरलेलं म्हणून परत गेली होती. तेव्हा आईने, प्रभावतीबाईंनी, गावच्या देवळात कौल लावला. मूर्तीला पाकळ्या लावल्या, भटजींनी गाऱ्हाणं घातलं, आणि पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे देवाचा होकार. कौल कशाचा लावला ते गौरेशला सकाळी जेवताना कळलं.

"उजवी दिल्यान देवान," आई म्हणाली. "आमी तुझ्याच विमानात बसतलों. तू आसस म्हणान माका भय नाय."

गौरेशने हातातला घास ताटात ठेवला. आज नको, उद्याच्या विमानाने जा, असं त्याने दोनतीनदा सुचवून पाहिलं. पण देवाने दिलेल्या कौलापुढे मुलाचं कोण ऐकतो? आईने डिंकाचे लाडू, कोकमाची सोलं आणि उकड्या तांदळाची पिशवी केव्हाच बांधून ठेवली होती.

मोपाला पोचल्यावर तो आधी तिकिटांच्या काउंटरपाशी गेला. तिथली सुविधा त्याच्या चांगल्या ओळखीची. विमान भरतंय का, असं त्याने विचारलं, आणि विचारताना मनात सप्तकोटेश्वराला साकडं घातलं की भरू दे. आजवर दर खेपेला तो जागा उरू दे म्हणून विनवायचा. सुविधाने त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, बिचारा आईबाबांच्या काळजीत आहे. ती म्हणाली की एवढं मनाला लावून घेऊ नकोस, मी बघते. तिने खरंच बघितलं. न आलेल्या दोन प्रवाशांच्या जागा तिने लगेच दिल्या, त्याही पुढच्या रांगेतल्या, आणि आईला खिडकीकडची. आईने तिला तिथल्या तिथे एक लाडू काढून दिला.

गौरेशने आभार मानले. करतो काय?

हवामानाचे, इंधनाचे कागद बघताना त्याने एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि तरी ती डोक्यात शिरली नाही. परब समोर बसून कडक चहा पीत होते, त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आपण विमानाकडे पुढे जातो, असं सांगून ते निघाले. गौरेश मागून निघाला आणि वाटेत, प्रवासी बसतात त्या दालनात, त्याचे पाय आपोआप आईबाबांकडे वळले.

विमानात चढायची रांग अजून लागली नव्हती. आईच्या शेजारी एक तरुण बाई मांडीवर तान्हं मूल घेऊन बसली होती. पेडण्याची सोनाली, नवऱ्याकडे निघालेली, पहिल्यांदाच विमानात बसणारी. एवढं सगळं आईने काढून घेतलं होतं, आणि आपला मुलगा विमान चालवणार हे तिला किमान दोनदा ऐकवलं होतं. त्याला पाहून सोनालीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला गौरेशला दिसला. त्याने आईला थोडं बाजूला घेतलं.

"आई, आज तुमी जाव नकात," तो हळू आवाजात म्हणाला. "वयर वारो बरो नाय."

काचेपलीकडे ऊन लखलखत होतं, धावपट्टीकडेचं गवतसुद्धा हलत नव्हतं. बाबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि बुटाची नाडी सैल केली. आईने आभाळाकडे पाहिलंच नाही. मुलाने सांगितलं म्हणजे संपलं. तिने पिशवी उचलली, आणि मग गौरेशच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट केली. ती वळून सोनालीपाशी गेली.

"अगे बाय, तूंय जाव नको," आई तिला म्हणाली. "माजो झील सांगता, वारो बरो नाय. बाळ आसा तुझ्याकडे."

आईला गुपित म्हणजे काय ते कधी कळलंच नव्हतं. धोका आहे तर तो शेजारणीला सांगायचा, एवढं तिला कळत होतं. सोनाली मूल छातीशी धरून उठली आणि त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. गणवेश, खांद्यावरच्या पट्ट्या, टोपी, सगळ्यावरून तिची नजर फिरली.

"सर," ती म्हणाली, "मग मी बसू का नको?"

तिच्या मागे खुर्च्यांवर माणसं बसली होती. कोणी पाव खात होतं, कोणी फोनवर बोलत होतं, एक म्हातारा पेंगत होता. गौरेशला स्वतःची लाज वाटली. आपली दोन माणसं खाली उतरवून बाकीच्यांना घेऊन तो उडणार होता. विमान भरू दे असं साकडं घातलं तेव्हा, दुसऱ्यांच्या आयांनी ते भरावं, एवढंच त्याने मागितलं होतं.

"जरा थांबा, ताई," तो म्हणाला. "मी सांगतो."

विमानाच्या कॉकपिटमध्ये परब आपल्या खुर्चीत बसून बटणं तपासत होते. गौरेश आपल्या जागेवर बसलाच नाही. दारात उभा राहून त्याने सांगितलं की आज मी उडवू शकत नाही, माझी झोप झालेली नाही. परबांचा आधी विश्वासच बसला नाही. मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. उद्या बैठक आहे. आज को-पायलट उतरला आणि तोही कमिटीवाल्याच्या विमानातून, तर कंपनीला आयतं कोलीत मिळेल. सगळ्यांच्या विश्रांतीवर पाणी पडेल. आणि तुझा सोमवार? त्याचा विचार केलास? घरी कोणाला काय सांगशील?

सगळं खरं होतं, आणि प्रत्येक वाक्यासरशी गौरेश आणखी भ्याला. मग सावंतवाडीचे परब आपल्या बोलीवर आले.

"एक दिवस कळ काढ मरे. मी आसंय ना बाजूक. तू नुसतो बस."

"त्या पहाटेही तुम्ही बाजूलाच होता, सर."

त्या पहाटेनंतर पहिल्यांदाच कोणीतरी हे बोललं होतं. परबांचा हात बटणावर तसाच राहिला. ते चिडतील, ओरडतील, असं गौरेशला वाटलं. पण त्यांनी बटणावरचा हात मागे घेतला.

"तुझे आईबाबा येणार होते ना आज?" त्यांनी विचारलं. "चढले?"

"नाही. मी थांबवलं त्यांना."

"आपल्या दोघांपैकी कोणीच चालवायला नको, म्हणून?"

गौरेशने मान खाली घातली. परबांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला, डोळ्यांवरून दोन्ही तळवे फिरवले आणि कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडून कोणीतरी राखीव को-पायलट पाठवतो म्हणून सांगत असावं.

"एक नाही," परब म्हणाले. "दोन पाठवा. कॅप्टनही पाठवा."

राखीव पायलट येईपर्यंत दुपार कलली. प्रवासी वैतागले, सुविधाने सगळ्यांना थंड पाणी आणि बिस्किटं वाटली. सोनालीला गौरेशने स्वतः जाऊन सांगितलं की आता बसा, बिनधास्त बसा. मग तो आईबाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. खिशातला फोन सारखा थरथरत होता. आधी कंपनीचे फोन, मग कमिटीतल्या मित्रांचे. तो काढून बघायचा त्याला धीर झाला नाही.

"वारो पडलो?" आईने विचारलं.

"वारो बरोच आसा, आई. मीच बरो नाय."

आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. पिशवी उचलायला मात्र ती तयार होईना. देवाने उजवी दिली होती ती गौरेश चालवणार म्हणून, आता दुसऱ्याच्या विमानात कसं बसायचं? तेव्हा बाबा इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले. उजवी विमानाला दिली, चालवणाऱ्याला नाही, असं म्हणून त्यांनी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या.

"जावा तुमी," गौरेश म्हणाला.

"तुझा तोंड भियेल्यासारखा दिसता," आई म्हणाली.

"भय आसा माका. पण तुमच्यासाठी नाय."

रांग लागली. आई दारापाशी दोनदा वळली, बाबा लंगडत पुढे गेले, सोनालीचं मूल गौरेशच्या आईच्या कडेवर होतं. विमान उडालेलं मात्र गौरेशने पाहिलं नाही. टोपी मांडीवर, फोन खिशात थरथरतोय, आणि तो बसल्या जागी गाढ झोपला होता.