खंडेनवमीच्या बाटल्या

देवराम सुरगाण्याकडच्या डोंगरातून येऊन नाशिकच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई झाला, तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं. गावच्या गुरुजींनी दया येऊन सातवीचा दाखला लिहून दिला होता. हे उघड झालं तर नोकरी जाईल, या धाकात त्याने तोंड मिटून घेतलं आणि काम डोळ्यांनी पाठ केलं. कोणती बाटली फळीवर कितवी, हेच त्याचं वाचन.

आम्लाच्या वाफेने बाटल्यांवरचे कागद दर काही महिन्यांनी जळून पिवळे पडत. मग रसायन शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम नवी नावं लिहून कागदांचा गठ्ठा त्याच्या हातात देत. "डावीकडून लावत जा, देवराम," एवढंच सांगत. पहिला कागद पहिल्या बाटलीला, दुसरा दुसऱ्या. कधी चूक झाली नाही.

चौऱ्याण्णव सालच्या खंडेनवमीला त्याने दरवर्षीप्रमाणे प्रयोगशाळेची पूजा केली. शेतकरी नांगर पुजतो, तसा हा तराजू आणि बाटल्या पुजायचा. सगळ्या बाटल्या खाली उतरवून पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि परत फळीवर मांडल्या. सल्फ्युरिक आम्लाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असत, एक जळजळीत, संहत आणि दुसरी पाणी घालून सौम्य केलेली, विरल. दोन्ही बाटल्या सारख्याच, आतलं आम्लही पाण्यासारखं. मांडताना त्यांची अदलाबदल झाली. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी नवे कागद दिले. देवरामने डावीकडून लावले.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नववीच्या तासाला ललिता नावाच्या मुलीने विरल म्हणून लिहिलेल्या बाटलीतून परीक्षानळीत आम्ल घेतलं. मॅडम म्हणाल्या, "आणखी थोडं पाणी घाल." तिने घातलं. नळीतलं आम्ल उसळून तोंडावर आलं. मुलीचा डावा डोळा गेला.

चौकशीत मुख्याध्यापकांनी विचारलं, "ही नावं कोणी चिकटवली?"

देवराम म्हणाला, "मॅडमनीच."

ज्योत्स्ना मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याला ओळखून असल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे." महिन्याभरात नोकरी सोडून त्या पिंपळगाव बसवंतला आईकडे गेल्या.

देवराम त्या धक्क्याने प्रौढांच्या साक्षरता वर्गात जाऊ लागला. नाशिकरोडला, जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. चाळिशी ओलांडलेला माणूस पाटीवर 'अ' गिरवायला बसला. वाचता येऊ लागल्यावर एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं की दुसऱ्या कोणत्याही मॅडमनी असा क्रम लावून गठ्ठा दिला नव्हता. ज्योत्स्ना मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी त्याला सांभाळून घेतलं होतं.

त्यानंतर दोन हजार एक साली त्या वारल्याची बातमी आली. आणि मग ते सुरू झालं.

भर दुपारी, प्रयोगशाळा रिकामी असताना, पाठीमागून आवाज यायचा, "नावं लागली का रे, देवराम?" तो नळ बंद करून ऐकायचा. परत तेच. शेवटी तो उत्तर देऊ लागला, "लागली, मॅडम."

झाडणाऱ्या झुंबरबाईने एकदा ऐकलं आणि कोपऱ्यात टांगलेल्या हाडांच्या सांगाड्याकडे बोट दाखवलं. "कोणाशी बोलतूस रं? त्या सांगाड्याशी सोयरीक जमवलीस का?"

"तू तुझं झाड."

"झाडते की. पर तुझी ती नवरी आधी खाली उतरव, तिच्याखाली लय धूळ हाय."

ती हसत गेली. देवरामने फळीकडे बघितलं, तर आम्लाच्या दोन बाटल्यांची जागा बदललेली होती. त्याने सरळ केल्या. आठवड्याने परत बदललेल्या. तो कुलूप लावून किल्ली कमरेला बांधू लागला, तरी थांबलं नाही.

दोन हजार सहा साली रसायनाला नव्या मॅडम आल्या. काळा चष्मा, चालण्यात मान किंचित डावीकडे वळलेली. देवरामने नाव ऐकलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला. ती ललिता होती.

पंधरा दिवसांनी तिने त्याला हाक मारली. "मामा, या दोन बाटल्या कोण हलवतं?"

"मी नाय, मॅडम."

"मग कोण? ज्योत्स्नाबाई येऊन जातात का?" ती कडवट हसली. "जिवंत असताना एक डोळा घेतला, आता दुसऱ्यावर टपल्यात वाटतं."

"त्यांना नका बोलू," देवराम म्हणाला. "कागद मी लावले होते. मला वाचता येत नव्हतं. पूजेत बाटल्या माझ्याच हातून बदलल्या. आणि चौकशीत मी खोटं बोललो."

ललिता हळू आवाजात म्हणाली, "त्या दवाखान्यात आल्या होत्या, मामा. तीनदा. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईने त्यांना जिन्यावरून शिव्या घातल्या." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बारा वर्षं तुम्ही मला चुकीच्या माणसाचा द्वेष करायला लावलात."

"माफी मागायला तोंड नाय मला."

"माझ्याकडे मागूच नका. आता लिहिता येतं ना? सगळं लिहा. आणि चला."

शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर दोघं एसटीने पिंपळगावला गेले. रस्त्यावर कांद्याच्या टेम्पोंची रांग होती. ज्योत्स्ना मॅडमची आई, इंदिराबाई, ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या घरातली, ताठ बाई. ललिताने नाव सांगताच म्हातारी तिच्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिली. आत या म्हणाली नाही.

देवरामने उभ्यानेच कागद उघडला आणि वाचायला लागला. अडखळत, शब्दावर बोट ठेवून. 'मी खोटे बोललो' इथे बोट अडलं. तरी शेवटपर्यंत वाचलं.

इंदिराबाईने पदर सावरला.

"पोरीने इथं शिकवणी काढली होती. या आळीतल्या एकाही घराने लेकरू धाडलं नाही. आंधळं करणारी बाई म्हणायचे तिला. याच ओट्यावर बसून ती रोज वाट बघायची."

देवराम मान खाली घालून उभा होता.

"खाली काय बघतोस? तिकडे तोंड कर, आळीकडे," म्हातारी म्हणाली. "आणि पहिल्यापासून वाच. मोठ्यानं."

देवराम वळला. समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. देवरामने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि आपलं नाव मोठ्याने वाचलं.