फोन तोच, घर तेच

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे. एका कपाटाच्या तळाशी, चार्जरच्या तुटक्या वायरींच्या गुंत्यात पडून आहे. तरी माझी गोष्ट ऐकाच.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तोंडाला मास्क लावलेल्या एका मुलीने माझी काच बसवली आणि मऊ फडक्याने पुसली. पुढे मी एका निवृत्त नर्सबाईंच्या हाती आलो. अख्खी गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणे. घरात त्यांची लेक, जावई आणि तान्ही नात होती.

सिस्टर मला जिवापाड जपत. औषधांच्या वेळा, नातीचे फोटो, बँकेचे व्यवहार, सारे माझ्यावरच चाले. प्रत्येक व्यवहाराआधी बँकेचे यंत्र मला गुपचूप विचारी, "तू तोच फोन ना? आणि आहेस कुठे?" मी खरे ते सांगे. एकदा दूरच्या शहरातून एका भामट्याने त्यांच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड बरोबर होता, पण फोन अनोळखी आणि शहर परके. यंत्राने त्याला दारातच अडवले. सिस्टरांनी मला बाहीने पुसले आणि म्हणाल्या, "गुणाचा आहेस रे बाबा!" मी हरखून गेलो.

मग सिस्टरांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या डोळ्यासाठीचे पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते. एका दुपारी त्या डोळ्याला पट्टी बांधून पडल्या होत्या. जावई मला घेऊन उशाशी आला.

"आई, फोनमध्ये अपडेट आलंय. जरा अंगठा लावता?"

"लावते की. तुला किती त्रास देते मी!"

त्यांनी अंगठा टेकवला. त्याने माझ्यावर भराभर बोटे फिरवली. यंत्राने नेहमीचे प्रश्न विचारले. फोन तोच होता, घर तेच होते. अंगठाही त्यांचाच होता. मी तसे सांगितले आणि पैसे गेले. बँकेचा मेसेज आला, तो त्याने पुसून टाकला.

पट्टी निघाल्यावर सिस्टरांना खात्यात पैसे कमी दिसले, तशा त्या मला हातात धरून लेकीसोबत बँकेत गेल्या. "मी हे केलेलं नाही," त्या ठामपणे म्हणाल्या.

तिथल्या साहेबांनी पडद्याकडे पाहिले. "बाई, पैसे ऑनलाइन जुगारात गेलेत. पण फोन तुमचा, जागा तुमच्या घराची, अंगठा तुमचा. संशयाला जागाच नाही हो."

"पण त्या दुपारी तर माझ्या डोळ्याला पट्टी..." सिस्टर बोलता बोलता थांबल्या. त्यांना अंगठा आठवला असावा. त्यांनी लेकीकडे पाहिले. लेकीने नजर चुकवली आणि कडेवरच्या पोरीचे झबले सारखे करत राहिली.

"आई, आठव ना नीट," ती पुटपुटली. "तूच केलं असशील."

सिस्टरांनी नातीच्या पावलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हो गं. मीच केलं असेन. वय झालं आता."

मला ओरडून खरे सांगावेसे वाटले. पण मला कुणी तसा प्रश्नच विचारला नव्हता.

घरी आल्यावर जावई हळहळला. "आईंना आता झेपत नाही. उगाच कुणीतरी फसवेल." असे म्हणून त्याने मला त्यांच्या हातून काढून घेतले आणि या कपाटात टाकले. गल्लीतली माणसेही कीव करू लागली. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या औषधांच्या मात्रा चुकू दिल्या नाहीत, तिला सगळे विसरभोळी म्हणू लागले. तिनेही ते खोडून काढले नाही. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन राहूनच गेले.

मित्रांनो, फोन कोणता आणि तो कुठे आहे, एवढेच यंत्र विचारते. त्याला त्यापलीकडचे कळत नाही, आणि त्याचा दोषही नाही. पण तुम्ही माणसे आहात. घरातले म्हातारे माणूस 'मी नाही केले' म्हणाले, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि सगळे ऐकून घ्या.

सिस्टरांजवळ कोणी बसले नाही.