आबजीच्या धुराड्यातला बोळा

नवरोजच्या सणाला तेहरानहून आलेल्या पाहुण्यांसमोर आबजी म्हणाली, "मनीजेचा भात चमच्यानं वाढता येत नाही, सुरीनं कापावा लागतो." मनीजे म्हणजे मी. सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून मी तिच्याशी अबोला धरला. आबजी म्हणजे माझी थोरली बहीण इश्रत. पासष्टीची, एकटी, आणि जिभेला हाड नाही. ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. सात महिने आम्ही जिन्यात समोरासमोर आलो की दोघीही भिंतीकडे बघत पुढे जात होतो.

अलवंद डोंगराच्या माथ्यावर बर्फ दिसला की हमदानमधल्या लोकांना एकाच दिवशी आपापली धुराडी आठवतात. मी मात्र धुराडी साफ करणाऱ्या उस्ता सफदरला आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. तो सकाळी आला आणि मीही त्याच्या मागोमाग गच्चीवर चढले. डोक्यावर उभं राहिलं नाही, तर हा माणूस ब्रश दोनदा फिरवतो आणि चहा मागतो.

गच्चीवर धुराड्यांचे चार खापरी नळ आहेत, शेजारीशेजारी. वसंतात माझ्या धुराड्यातून काजळी पडून नवा गालिचा खराब झाला, तेव्हा मी वर येऊन माझा नळ बंद केला होता. जुन्या रजईचा तुकडा पोत्यात गुंडाळून चांगला ठोकून बसवला होता. कुठला नळ कुणाचा हे आबजीला पाठ आहे, पण तिला विचारायचं कोणी? जिन्याकडून दुसरा तो माझा, असं मीच ठरवून टाकलं. काजळी पुढंही उन्हाळाभर पडत राहिली. मी वाऱ्याला शिव्या घातल्या आणि विषय सोडून दिला.

सफदरनं आकडा घालून बोळा ओढून काढला आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

"खानम, हा गरम आहे."

"उन्हानं तापला असेल."

"ऊन कुठंय?"

खरंच, आभाळ भरलेलं होतं. बोळ्याची खालची बाजू ओली होती आणि तिला हात लावला तर चटका बसत होता.

"तुमचा गॅसचा हीटर चालू आहे?" त्यानं विचारलं.

"माझा हीटर अजून माळ्यावर पडलाय, उस्ता."

मग हा धूर कुणाचा, हे दोघांच्याही एकदमच डोक्यात आलं. असा धूर खोलीत कोंडला की माणूस झोपेतच जातो. सफदरनं नळात तोंड घालून हाक मारली.  मी त्याला बाजूला ढकललं.

"आबजी! आबजी गं!"

काही नाही. फक्त गरम वाफ तोंडावर आली. मी पुन्हा ओरडले, माझा घसा बसला, सफदर जिन्याकडे धावत सुटला. आणि तेवढ्यात खोलवरून आवाज आला.

"कोण मेलं ओरडतंय? माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी रडायलाच लागले.

"मी मनीजे! हीटर बंद कर, खिडकी उघड आणि आत्ताच्या आत्ता अंगणात ये!"

"वा गं वा! सात महिने तोंडातून शब्द नाही, आणि आता धुराड्यातून हुकूम?"

"भांड नंतर! तुझं धुराडं बंद होतं, आबजी. मीच बंद केलं होतं. माझं समजून. ऊठ, तुझ्या पाया पडते!"

 मग खिडकीची कडी वाजली आणि माझ्या जिवात जीव आला.

मी अंगणात पोचले तर ती पायरीवर बसलेली, चेहरा पांढराफटक, पायात उलटसुलट चपला. सफदरनं तिच्या खांद्यावर आपला कोट टाकला होता. मी तिला मिठी मारली. "सोड, उलटी होईल," ती म्हणाली. तरी तिनं माझी बाही सोडली नाही. दवाखान्यात तिला संध्याकाळपर्यंत प्राणवायू लावला. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. "एवढी खमकी बहीण, हिला काय होतंय!" म्हणत मी हसले आणि तिथंच बाकावर बसून पुन्हा रडले.

दुसऱ्या दिवशी सफदरनं चारही नळ घासून काढले. कुणाचा कुठला ते खाली आवाज देऊन ताडून पाहिलं आणि लाल रंगानं नावं लिहिली. आबजीच्या भिंतीतल्या धुराड्याच्या भोकाशी मी पेटता कागद धरला तर ज्योत सरळ आत ओढली गेली. मग हीटर जोडला, पेटवला, खिडकी बोटभर उघडी ठेवली.

जेवण झाल्यावर आबजीला पेंग यायला लागली. पण डोळे मिटले की ती दचकून उघडत होती, हीटरकडे बघत होती.

"झोप की," मी म्हटलं.

"भीती वाटते गं." तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग ती जरा रागानंच म्हणाली, "तू बसणार असशील तर झोपते."

"जिनं बोळा बसवला तिच्या भरवशावर?"

"मग दुसरी कोण आहे मला?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी तिच्या उशाशी बसून राहिले. थोड्या वेळानं ती घोरायला लागली.