धोंडूशेटचं दुसरं मरण

"पुढं येऊ नका! तिथंच ऱ्हावा, तुळशीच्या पल्याड!" राही किंचाळली आणि हातातलं सूप टाकून घरात पळाली.

अंगणाच्या कडेला तिचा सासरा, धोंडूशेट शिंपी, उभा होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी उसना कोट. मागे हारुन गाडीवान बैलांचा कासरा धरून हसत होता. "घाबरता काय? जिता हाय म्हातारा! गोवळकोटच्या बंदरावर गावला. वाटेत माझी भाकरी पण खाल्लान!"

त्याची बायको गोदूबाई माजघरातून धावत आली आणि उंबऱ्यावर थबकली. धोंडूशेटने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मोकळ्या हातांकडे पाहिलं.

"ह्या काय करून घेतलंस गो?" तो म्हणाला.

गोदूबाई पदर तोंडात कोंबून तिथेच खाली बसली.

झालं होतं ते असं. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, दिवाळीनंतर, धोंडूशेट कापड आणायला मुंबईला गेला. परतीच्या आगबोटीवर त्याने गाठोडं चढवलं आणि पाणी प्यायला म्हणून धक्क्यावर उतरला. तिथेच ताप डोक्यात जाऊन तो कोसळला. कुणीतरी त्याला इस्पितळात नेऊन टाकलं. महिनाभर स्वतःचं नावही त्याला सांगता येत नव्हतं. इकडे बोट दाभोळच्या अलीकडे बुडाली. माणसं फारशी मिळाली नाहीत, पण धोंडूशेटचं गाठोडं किनाऱ्याला लागलं. मग काय, सावर्ड्याच्या पेठेत रडारड झाली. भटजींनी दर्भाचा पुतळा केला, मुलाने, जनूने, डोकं भादरून त्याला अग्नी दिला. दहावं झालं, बारावं झालं, पेठेने लाडू खाल्ले. आणि पौषात मेलेला माणूस बैलगाडीतून उतरला.

जनू दुकानातून आला. बापाला बघून त्याचा चेहरा उजळला, असं म्हणायला मला आवडलं असतं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुमचा बारावा झाला."

"मग तेरावा माज्यासमोर कर," धोंडूशेट म्हणाला. "आधी जेवायला वाढ."

जेवण मिळालं, पण गोठ्याच्या पडवीत. भटजी आले, पोथी चाळून त्यांनी सांगितलं की यालाही उपाय आहे. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याने नव्याने जन्म घ्यायचा. तुपाने न्हाऊ घालायचं, बाळासारखं नाव ठेवायचं, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर त्याने उंबरा ओलांडायचा नाही आणि बायकोने त्याला शिवायचं नाही.

"ऐकलंस काय गो?" धोंडूशेट पडवीतून ओरडला. "माज्या वयाला नवरी मिळत्ये! नशीब लागता!"

गोदूबाई त्या दिवशी चुलीपाशी एकटीच हसली. बोहल्यावर उभं राहायची कल्पना करून तिला लाज वाटली, पण त्याहून मोठा आनंद झाला. कपाळाला कुंकू लागणार होतं. नवरा घरात येणार होता.

"मुहूर्त कधीचा काढलान?" तिने जनूला विचारलं.

"पौषात लगीन लागत नाय, आये. माघात बघू."

माघात राहीला सातवा महिना लागला होता. तिने मेलेल्याची सावली नको म्हणून हट्ट धरला. फाल्गुनात शिमगा आला, आणि पेठेतल्या पोरांनी धोंडूशेटच्या लग्नाचं सोंग काढलं. एकाला तिरडीवर आडवा घालून त्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या. सगळी पेठ पोट धरून हसली. जनू घरी आला तो रागाने काळानिळा होऊन.

"हसू करून घेऊ काय माज्या आईबापाचा? जरा थांबू दे लोकांच्या जिभा."

खरं सांगायचं तर धोंडूशेट काही संत नव्हता. टीप वाकडी पडली की कापड मोजायच्या लोखंडी गजाने तो जनूची बोटं फोडायचा. लग्न झालेल्या मुलालाही त्याने गिऱ्हाइकासमोर मारलं होतं. आता ओटीवर मशीनपाशी जनू बसत होता, आणि म्हाताऱ्याला मशीनचा नुसता आवाज ऐकू येत होता. "दाब कमी पडतोय!" तो पडवीतून ओरडायचा. जनू मान वर न करता मशीनचा पायटा आणखी जोराने मारायचा. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकदा धोंडूशेटने कापड कापायला मागितलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, "नको शेट, मुलाच्या मुंजीचा कापड हाय." आणि कापड उचलून निघून गेलं.

राही त्याचं जेवण पानावर वाढून पडवीच्या टोकाला ठेवायची आणि मागे न बघता परत यायची. पिंड ठेवून यावं तशी. शेजारची पोरं कुंपणाआड बसून कावकाव करायची. पहिल्यांदा धोंडूशेट त्यांच्या अंगावर धावून गेला. नंतर तो शांतपणे जेवायला लागला. या माणसाला गप्प बसलेलं गोदूबाईने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती जनूच्या पाया पडली. आईने पाया पडावं यावर जनू चिडला, पण मुहूर्त काही त्याने काढला नाही.

चैत्रात राहीला मुलगा झाला. मग सुहेर आलं, बाळंतपणाचा विटाळ, आणि मुहूर्त पुन्हा पुढे गेला. धोंडूशेटचा ताप उलटला होता. गोदूबाई दुरून पेज सरकवायची, आणि तो ती अर्धी सांडून प्यायचा.

"लगीन कधी गो?" एका संध्याकाळी त्याने विचारलं.

"उद्या बारसा हाय. तो झाला की लगेच. जनूने शपथ घेतलान." शपथ बिपथ कुणी घेतली नव्हती.

"बरा. तवर मेल्यासारखा पडून ऱ्हातो."

ती हसली. त्याचा हात पडवीच्या जमिनीवर पालथा पडला होता. तो उचलून आपल्या हातात घ्यावा असं तिला फार वाटलं. पण एवढ्या जवळ आलेलं लग्न आपल्या हाताने विटाळायचं कसं, म्हणून तिने मन आवरलं.

सकाळी ती पेज घेऊन गेली तेव्हा तो गार पडला होता. आता कुणाला काय विटाळणार होतं? तिने त्याचा हात धरला आणि मोठ्याने हंबरडा फोडला. जनू धावत आला आणि त्याने आधी तिचं तोंड दाबलं.

"आये, गप! माणसा यायला लागली बारशाला!"

भटजी बारशासाठी आलेलेच होते. ते पडवीत डोकावले. मग म्हणाले, "याची क्रिया झालेली आहे. नवा जन्म काही घेतला नव्हता. तेव्हा सुतक पुन्हा लागत नाही. बारसं थांबवायचं कारण नाही."

एवढे महिने शास्त्राने त्याला जगू दिलं नव्हतं, आता ते त्याला मरूही देईना. चौघांनी त्याला मागच्या वाटेने उचलून नेलं. पुढे मडकं नाही, रामनाम नाही. जनूने डोकं भादरलं नाही. तासाभरात तो परत आला आणि नवी टोपी घालून ओटीवर पाहुण्यांना पानसुपारी देऊ लागला.

विधवेने पाळण्यापाशी यायचं नसतं, म्हणून गोदूबाईला पुरणाच्या पोळ्या लाटायला बसवलं होतं. पुढच्या दारी बायका पाळणा म्हणत होत्या. तिने हातातली पोळी तव्यावर टाकली, भाजली, उलटली, दुरडीत ठेवली. मग लाटणं बाजूला ठेवून ती विहिरीवर गेली, कळशी भरून काढली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली.

पाणी न्यायला आलेली शेजारची विमला बघतच राहिली.

"गोदूकाकी, भरल्या घरात ही कसली आंघोळ?"

गोदूबाईने कळशी पुन्हा विहिरीत सोडली.

"माजा माणूस ग्येला," ती म्हणाली, आणि दुसरी कळशी ओतून घेतली.