दर्शनी भागातला थर्मामीटर

आमच्या धुलाई कारखान्यात थर्मामीटर आहे हे मला ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी मात्र इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. रोलरवरच्या बायकांनी मागच्या दाराने यायचं आणि मागच्याच दाराने जायचं. पुढे ऑफिस. तिथे हॉटेलांची, दवाखान्यांची माणसं चादरी द्यायला-घ्यायला येतात. आमचे घामाने निथळणारे अवतार त्यांच्या नजरेला पडू नयेत, एवढी समज आम्हालाही आहे.

तो पाहायचा योग आला धाकटीमुळे. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी एकाच रोलरवर असतो. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि दोघींनी मिळून ती तापलेल्या रोलरच्या तोंडात सारायची. पलीकडून ती सुकून, कडक होऊन बाहेर पडते. आमचंही तेच होतं, फक्त आमची घडी कोणी घालत नाही.

मागच्या आठवड्यात भर दुपारी धाकटीने हातातलं टोक सोडलं. "ताई, मी जरा बाहेर जाऊन येते," एवढंच म्हणाली. मागच्या अंगणातल्या नळापर्यंत पोचली आणि तिथेच कोसळली. इकडे चादर वाकडी जाऊन रोलरमध्ये अडकली, करपली, आणि अख्खी लाइन बंद पडली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या हातात नोटीस पडली, परवानगीशिवाय काम सोडल्याची. तिच्या तब्येतीची चौकशी नोटिशीत नव्हती. चादरीची होती.

"पण उन्हाळ्याचा कायदा आहे ना?" मी अण्णांना विचारलं. अण्णा आमच्या युनियनचे अध्यक्ष. बोलायला लागले की आधी चष्मा पुसतात.

"आहे ना. कामाच्या जागी उष्णता हद्दीबाहेर गेली की काम थांबवायचं, असं कायदाच म्हणतो. हद्द किती आणि ती मोजायची कुठे, हे मालकाने आणि कामगारांनी करारात ठरवायचं."

"मग करारात काय आहे?"

अण्णांनी पुन्हा चष्मा पुसला. हद्द खाली आणायला ते केवढे भांडले होते, ते मला आठवत होतं. दोन अंशांनी खाली आणली होती. त्या दिवशी त्यांना खांद्यावर घेऊन लोक अंगणभर नाचले, टाळ्या पिटून माझे तळवे लाल झाले. त्याच पानावर खाली एक ओळ होती. आस्थापनेच्या दर्शनी भागात लावलेल्या तापमापकावरील आकडा अंतिम मानला जाईल. अण्णांना वाटलं, दर्शनी म्हणजे सगळ्यांना दिसेल असा, बरंच आहे की. आकड्यासाठी रक्त आटवलं आणि खिळा कुठे ठोकायचा ते कोणी विचारलंच नाही. छान पानं पुसली आमच्या तोंडाला.

नोटिशीवरच्या चौकशीच्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पुढच्या बाजूला गेलो. ऑफिसबाहेर बोळ, बोळात बाक, बाकासमोर हा मोठा कूलर, आणि बाकाच्या वर भिंतीला थर्मामीटर. मी मान वर करून पाहिलं. पारा खाली गारव्याला पडून होता. मला हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅनेजर वाईट माणूस नाही. त्या दिवशी धाकटीला त्यानेच आपल्या गाडीतून घरी पोचवलं होतं. त्याचेही डोळे सदा जागरणाचे.

"बाई, मला कळतं हो सगळं," तो म्हणाला. "पण मी आकड्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. त्या दुपारी आकडा हद्दीच्या कितीतरी खाली होता."

"इथला," मी म्हटलं. "रोलरपाशी घेऊन चला की त्याला."

"जागेवरून हलवला तर तो आकडा धरत नाहीत. करार बदलावा लागेल. त्याची मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कूलरकडे बघत होते.

मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. तापमान मर्यादेत होतं, मी स्वतःच्या मर्जीने काम सोडलं, यापुढे परवानगीशिवाय मशीन सोडणार नाही. सही केली की प्रकरण मिटलं. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. दीर कमरेच्या दुखण्याने घरी पडलेले. माझे हे तर आता नाहीतच. घर आम्हा दोघींच्या चार हातांवर चाललेलं.

"कर सही," मी म्हटलं.

तिने केली. अण्णा हळूच म्हणाले, "पुढच्या करारात बघून घेऊ." मी धाकटीचा हात धरला आणि मागच्या बाजूला वळले.

पुन्हा रोलर. पत्रा तापलेला, वाफ तोंडावर, चादरीमागून चादर. तासाभराने धाकटीच्या बाजूचं टोक खाली झुकायला लागलं. मी मान वर केली. तिचा चेहरा त्या चादरीइतकाच पांढरा झाला होता. एका हाताने तिने मशीनची कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने चादर सारत होती.

"जा, बाहेर जाऊन बस," मी ओरडले.

तिने मान हलवली. "लिहून दिलंय ना, ताई."

अशी चीड मला जन्मात आली नव्हती. तिची नाही, मॅनेजरचीही नाही. त्या कागदावरच्या ओळीची, जी ही वेडी पोर इमानाने पाळत होती. भिंतीवरचं लाल बटण फक्त सुपरवायझरने दाबायचं असतं. मी दाबलं. लाइन थांबली आणि इतकं शांत झालं की सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. मी धाकटीच्या काखेत हात घातला आणि चालू लागले. मागच्या दाराने नाही, पुढच्या.

तिला बोळातल्या बाकावर टेकवलं, शेजारी मी बसले. गार वारा अंगावर आला आणि मला रडूच फुटलं. इतकं बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं रोज एका भिंतीपलीकडे होतं.

मॅनेजर धावत आला. "मशीन कोणी बंद केलं?"

"मी."

"का?"

मी धाकटीकडे बोट केलं. त्याने तिच्याकडे पाहायच्या आधी वर थर्मामीटरकडे पाहिलं. सवयच ती. मग आत जाऊन तसलाच कागद घेऊन आला, या वेळी माझ्या नावाचा.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "तापमान मर्यादेत होतं, हे मी लिहून देणार नाही."

"बाई, मग मला तुम्हाला काढावं लागेल. कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. घरात कमावत्या दोघीच, आणि दोघी एकाच बाकावर.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. बंद लाइनीपाशी उभं राहून काय करायचं, म्हणून बाकीच्या बायका एकेक करत बोळात आल्या होत्या. घोषणा नाही, काही नाही. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, काही जणी खालीच बसल्या. केस कपाळाला चिकटलेले, ब्लाउज पाठीला. पुढचं दार उघडून हॉटेलचा माणूस आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"काय झालं इथे?"

"काही नाही," मॅनेजर म्हणाला.

त्या माणसाने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. मग तो हातातल्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. बोळात आता उकडायला लागलं होतं. अण्णा गर्दीतून वाट काढत आले, थर्मामीटरपुढे उभे राहिले, चष्मा पुसला आणि मान उंचावून पाहिलं.

"सरकला," ते म्हणाले. "थोडा वर सरकलाय."

मॅनेजरने कूलर वाढवला. माझ्या नावाचा कागद अजून त्याच्या दुसऱ्या हातातच होता.

धाकटीच्या गालांवर रंग परत येत होता. तिने माझ्या पदराला धरून ओढलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "चला ताई, मला बरं वाटतंय. जाऊ या मशीनवर. उगाच तुमच्या अंगाशी येईल."

"बसून राहा गं," मी म्हटलं. "आधी घाम वाळू दे."