गाणं संपल्यानंतरचा आवाज

सकाळी पाठवलेली फाइल दीड जीबीची निघाली आणि ऋजुताने तो आकडा पुन्हा वाचला. वीस मिनिटांच्या फिल्मचा आवाज तो असून असून किती असणार? फार तर चारशे एमबी. मग एवढं जास्तीचं काय गेलं?

गेली होती सईबाईंची अख्खी मुलाखत!

फिल्म तंजावरी मराठी पाळण्यांवर होती आणि एडिटिंग ऋजुताचं. पाळणे म्हणणाऱ्या सईबाई चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या, पंचाहत्तरीतल्या. त्यांचा मुलगा व्यंकटेश कोडंबाक्कमला स्टुडिओत मिक्सिंग करायचा, आणि फिल्मचा आवाजही तोच करून देणार होता. कान सोन्याचे, पण राग कायम नाकावर. मागच्या फिल्मला ऋजुताने हँडल्स तोकडी ठेवली म्हणून त्याने सगळ्यांसमोर तिला सोलून काढलं होतं. हँडल म्हणजे काय, तर एडिटिंगमध्ये कापलेल्या तुकड्याच्या मागेपुढे थोडा जादा आवाज दडवून पाठवायचा. मिक्सिंगवाला टोक ओढतो आणि सांधा बुजवतो. "कंजूषपणा कसला करतेस? भरपूर दे!" असं तो ओरडला होता. घ्या, यंदा बाईसाहेबांनी भरपूर दिलं!

त्या मुलाखतीत एक पाळणा संपल्यावर सईबाई पदराला लावलेला माइक विसरून बोलून गेल्या होत्या, "तो घरी आला की मी आधी चपलांचा आवाज ऐकते बघ. आपटल्या तर आतल्या खोलीत जाऊन बसते. पोटचा पोर, पण भय वाटतं गे मला त्याचं." मग माइक दिसला, तशा पांढऱ्याफटक पडल्या. ऋजुताचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "काढशील ना ते, कण्णा, बाळा? त्याला कळलं तर माझं काही खरं नाही."

ऋजुताने शब्द दिला होता. कापलंही होतं, अगदी पाळण्याच्या शेवटच्या सुराला लागून. आणि आता तेच सगळं डीव्हीडीत भरून सकाळच्या कुरिअरने त्याच्याच हातात धाडलं होतं. अगं, काय केलंस हे!

व्यंकटेशचा मोबाइल बंद होता. कामाला बसला की तो बंदच ठेवायचा. ऋजुताने नवी डीव्हीडी पर्समध्ये कोंबली आणि तांबरमहून गाडी पकडली. त्याने पाळण्याचं टोक जरा ओढलं की संपलं. आणि पाळण्याचं टोक कोण ओढणार नाही? तिला राहून राहून सईबाईंच्या घरातली आतली खोली दिसत होती. त्या खोलीला आतून कडी नव्हती.

स्टुडिओत व्यंकटेश एकटाच होता. स्पीकर गप्प. पडद्यावर पाळण्याची हिरवी पट्टी उजवीकडे लांबच लांब ओढलेली होती.

"सर, चुकीची डीव्हीडी आली तुमच्याकडे," ऋजुता धापा टाकत म्हणाली. "ही घ्या..."

"बस."

ती बसली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तुलाही माझी भीती वाटते?" त्याने विचारलं.

"नाही सर."

वीस वर्षं लोकांच्या आवाजातले बारीकसारीक दोष काढण्यात गेलेला माणूस तो. त्याने नुसती मान हलवली आणि टेबलावरचा फोन ओढून घराचा नंबर लावला.

"सर, नको! आजींना काही बोलू नका, चूक माझी आहे!" ऋजुता उठून उभी राहिली. त्याने फोनच्या स्पीकरचं बटण दाबलं.

"हॅलो?" सईबाईंचा आवाज आला.

"आई, मी."

सईबाई घाईघाईने म्हणाल्या, "काय चुकलं रे माझं?"

व्यंकटेशने पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं. ऋजुताने टेबलाची कड धरली.

"काही नाही चुकलं," तो कसाबसा म्हणाला. "जेवलीस का, एवढंच विचारायचं होतं."

उत्तर येईना. एवढ्या साध्या प्रश्नाला वेळ का लागतोय हे ऋजुताला कळत होतं. कुठल्या उत्तराने तो चिडणार नाही, याचा म्हातारी अंदाज घेत होती. आज ते व्यंकटेशलाही कळत होतं.

"जेवू का?" सईबाईंनी हळूच विचारलं. "तू म्हणशील तसं."