कडक भाकरीवाली

दानेश्वरीचं डोकं सणकलं होतं. शुक्रवार पेठेतून कॉलेजपर्यंत ती तरातरा चालत आली आणि ज्या पाहणीसाठी ती गावोगाव बायकांच्या मुलाखती घ्यायची, तिचा छापील अहवाल तिनं पाहणी चालवणाऱ्या सरांच्या टेबलावर आपटला. पान चाळीस. 'मैंदर्गीत कडक भाकऱ्या विकणारी, बावन्न वर्षांची विधवा. एका नातेवाइकाकडून मारहाण.'

आता अशी बाई त्या गावात एकच, काशम्मा. दीर मारतो हे तिनं सांगितलं ते दानेश्वरीला विभूतीवर हात ठेवायला लावून. कुणाला कळणार नाही, हा शब्द दानेश्वरीनं दिला, संमतीचा फॉर्म कन्नडमधून वाचून दाखवला आणि अंगठा घेतला. परवा त्या पानाचा फोटो गावभर व्हॉट्सअॅपवर फिरला. दिरानं काशम्माची परात, तवा रस्त्यावर फेकला आणि घराला कुलूप घातलं.

"नाव कुठंय त्यात?" सर शांतपणे म्हणाले. "कॉलेजच्या नैतिकता कमिटीची मंजुरी आहे, बाईचा अंगठा आहे. आणि भाकऱ्यांचं तुझ्याच टिपणात होतं."

होतंच. मेल्यानं तेवढं बरं लक्षात ठेवलं! टिपणात जिवंतपणा आणा, म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडला कोण? पण लिहिलं होतं तिनंच, आणि तेच तिला जास्त जाळत होतं.

"उलट बरंच झालं," सर म्हणाले. "अहवालाचा परिणाम पाहणीच्या दुसऱ्या फेरीत नोंदवू. तिची मुलाखत घेऊन ये."

"तुमच्या आईला घराबाहेर काढलं असतं, तर परिणामच नोंदवला असता का, सर?" एवढं बोलून ती निघाली ती थेट मैंदर्गीच्या एसटीत बसली.

काशम्मा शेजारणीच्या ओट्यावर बसली होती, परात मांडीवर घेऊन. दानेश्वरी तिच्यापुढं खाली बसली.

"चुकलं माझं, अव्वा. भाकऱ्यांचं मीच लिहिलं."

"आनि दिराचं काय लिव्हलंय?"

"एक नातेवाईक."

काशम्मानं परात मांडीवरून खाली ठेवली.

"मंजी मला उघडं पाडलं, आनि मारणाऱ्याला झाकलं व्हय?"

"तसंच झालं, अव्वा," दानेश्वरी म्हणाली.

"कागद काढ," काशम्मा म्हणाली. " पोलिसांला अर्ज लिही. माजं नाव घाल, काशम्मा. त्याचं घाल, ईश्वरप्पा. कसं कळलं गावाला तेबी लिही. पुस्तक छापणाऱ्याचं नाव घाल." तिनं अंगठा पुढं केला, पण दानेश्वरीनं पिशवीतून काढलेल्या शाईला लावला नाही. "आनि शब्द देऊन कुनी मोडला, तेबी. ते लिही, मंग अंगठा देते."

शब्द मोडणारी म्हणून दानेश्वरीनं पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.